शेठचं मशीन

एका गिऱ्हाइकाकडे किती वर्षं राहावं, असं कारेगावातले नवे मशीनवाले मला चहा पाजून विचारतात. कर्जावर जेसीबी घेतलेला असतो, कुणीतरी बिल्डर ‘तू फक्त माझंच काम कर’ म्हणत असतो आणि यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं. मी सांगतो, लोक तुमच्या मशीनला त्याचं मशीन म्हणायला लागायच्या आत निघा. ते हसतात. मग माझी चिरलेली भुवई बघतात आणि विषय बदलतात. त्या हसण्याचा मला संताप येतो.

मी असाच एका प्लॉटिंगवाल्याच्या गळाला लागलो होतो. शेतजमिनी घ्यायच्या, मुरूम टाकून रस्ते आखायचे आणि कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांना गुंठा गुंठा विकायचा, हा त्याचा धंदा. सणसवाडीपासून शिरूरपर्यंत त्याचे बोर्ड. मी स्वतंत्र माणूस, मशीन माझं, चालवणारा मी. पण त्याच्याकडे काम कधी खंडायचं नाही आणि मशीन उभं करायला त्याचं आवार होतं. सुरुवातीला दुसऱ्यांचेही फोन यायचे, कुणाचं शेततळं, कुणाची पाइपलाइन. मी नाही म्हणत गेलो, मग फोन यायचे बंद झाले. शेठ चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, “ह्यो आपल्या घरचा माणूस हाय.” मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला मशीन सजायचं. आमच्याकडे मोठ्या माणसाची मिरवणूक म्हटली की जेसीबी हवाच. बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, बकेट उंच न्यायची, खालून उघड्या गाडीत शेठ हात जोडून येणार आणि वरून फुलांचा मारा. मशीनच्या काचेवर त्याचा हसरा फोटो चिकटवलेला असायचा. वाढदिवस सरला तरी तो कुणी काढायचं नाही. उन्हानं विटला की पुढच्या वर्षी त्यावरच नवा. ते व्हिडिओ शिरूर-दौंडात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरायचे, त्यामुळे ते मशीन कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं.

एका संध्याकाळी शेठचा फोन आला. “उद्या खुटबावला मशीन लाव. कुंपण उडवायचंय, म्हातारा आडवा येतोय.”

खुटबावला माझी धाकटी बहीण दिलेली आहे. जमीन तिच्या चुलत सासऱ्यांची, आप्पांची होती. त्यांच्या दुसऱ्या एका पुतण्यानं आपला हिस्सा शेठला विकला होता आणि शेठला त्या निमित्तानं सगळाच तुकडा गिळायचा होता.

“शेठ, तितं माझी भैन नांदतीय. मला न्हाई जमायचं. तुमीबी सोडा त्यो नाद,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “बरं, सोडला. घरच्या माणसासाठी येवढं करायलाच पायजे.”

मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत त्यानं मला दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता, म्हणून ठेवला.

पुढे बातमी मला चहाच्या टपरीवर कळली. शेठनं बाहेरून दुसरं मशीन आणलं होतं. तसलंच पिवळं. कुंपण उखडलं, कांद्याची चाळ आडवी केली, फुलात आलेली शेवंती चाकाखाली रगडली. आप्पा काठी घेऊन बकेटसमोर उभे राहिले, तर शेठच्या एका माणसानं टिकावाच्या दांड्यानं त्यांच्या कोपराचा चुरा केला.

मी तसाच आवारात गेलो आणि शेठची कॉलर धरली. तो घाबरला नाही. “मशीन तुझं न्हवतं ना? मग तुझं काय जळतंय?” असं विचारलं त्यानं. मी त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. त्याच्या माणसांनी मला पालथा पाडून पोटात लाथा घातल्या. कसाबसा उठून केबिनमध्ये चढलो, मशीन चालू केलं आणि बंद केलेलं फाटक बकेटनं उडवून बाहेर पडलो. फाटक चेपताना जो आवाज झाला तो मला आजही आवडतो.

तिथून घरी जायला हवं होतं. पण रक्त उसळत होतं. न्हावऱ्यावरून खाली उतरलो, भीमेचा पूल ओलांडला आणि सरळ खुटबाव धरलं. आप्पांची चाळ उभी करून द्यायची, कुंपणाचे खड्डे घेऊन द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. बहिणीला फोनही केला नाही. काचेवरचा फोटो आतून कधी दिसायचाच नाही. मला दिसायची त्याची पांढरी पाठ.

गावच्या लोकांना दिसला तो फोटो.

पहिला दगड काचेतून आत आला तो माझ्या भुवईवर बसला. दुसऱ्यानं आरसा गेला. “आला रं शेठचा कुत्रा! आज सोडू नका!” कुणीतरी मला पायाला धरून खाली ओढलं. मी ओरडत होतो, “आवं ऐका, म्या न्हवतो त्यो!” पण तोंडात माती आणि रक्त, कुणाला ऐकू जाणार? पाइपचे फटके पाठीत बसत होते. एकानं कुऱ्हाडीनं मशीनची तेलाची नळी तोडली आणि गरम तेल आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. “पेटवा ते!” असा आवाज आला. मारणाऱ्यांत आप्पांचा थोरला मुलगा होता. गेल्या दिवाळीत त्यानं मला आग्रह करून जेवू घातलं होतं. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर पेटवलंच असतं.

बहीण गोठ्यातून धावत आली आणि माझ्या अंगावर आडवी पडली. दोन फटके तिच्याही पाठीत बसले, तेव्हा कुठे हात थांबले. तिनं मला ओढत घरात नेलं, दार लावलं, जखमेत हळद दाबली. मग खाली बघूनच तिनं विचारलं, “दादा, खरं सांग. तूच व्हतास का?”

त्या माराच्या दसपट ते लागलं.

“तुझ्या गळ्याची आण, म्या न्हवतो.”

“व्हय,” ती म्हणाली. पण मान वर केली नाही.

मी उठलो. आप्पांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगतो, म्हणालो. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

“नगं जाऊ तिकडं. तुझं कोन ऐकनार? म्या तरी काय सांगू त्यान्ला?” तिनं मागच्या दाराकडे हात केला. “परसातनं जा. आन् मी बोलवस्तवर येऊ नगंस. मला हितं नांदायचंय.”

मशीन तिथंच टाकून मी परसातून निघालो. त्यानंतर तिनं अजून बोलावलेलं नाही.