शेख मास्तरांची जामीनकी

शेख मास्तरांनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास हैदराबादपर्यंतचा, तोही एकदाच. पण फळ्यावरून खडू न उचलता ते अख्खा अरबस्तान काढत आणि मग त्यात ठिपके देत. शहरांचे नव्हे, विहिरींचे. मी एकदा मोजले, एकतीस होते. कोणत्या विहिरीवर उन्हाळ्यात कोणती टोळी उतरते, तिचं वैर कोणाशी आणि तिचा म्होरक्या तुर्कांच्या बाजूचा की इंग्रजांच्या, हे सगळं त्यांना पाठ होतं. अभ्यासक्रमात यातली एक ओळही नव्हती.

ते भोकरदनला आमच्या हायस्कुलात इतिहास शिकवत. घर मेंढपाळांचं. 'शेख' हे पोरांनी ठेवलेलं नाव, आणि ते त्यांना आवडायचं. कॉलेजात असताना जालन्याच्या एका म्हाताऱ्या चाऊसांशी त्यांची ओळख झाली. निजामाच्या फौजेत आलेल्या अरब शिपायांचे ते वंशज, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे सहा वर्षं दर रविवारी एसटीने जाऊन सर अरबी शिकले. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घरचीच गोष्ट हाय रे. मेंढरं, पाणी आन् भाऊबंदकी. उंट तेवढे जास्तीचे."

त्यांचा आवडता धडा नज्दच्या अमीराचा. चाळीसेक माणसं घेऊन निघालेल्या या तरुणाने एका पहाटे रियाध घेतलं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत निम्म्याहून जास्त अरबस्तान. सर सांगायचे, "त्यानं टोळ्या नुसत्या तलवारीनं न्हाई जिंकल्या. म्होरक्याला जेवायला बसवलं, त्याच्या घरची पोरगी केली, रुसला तर मानाची वस्त्रं, खिलत पाठवली. मग भटक्या बदूंना विहिरींपाशी वसवलं, शेती दिली, धर्म दिला आन् त्यांचीच फौज केली. आन् शेवटी?" इथे ते थांबायचे. "शेवटी त्यांच्यावरच मोटारीतून मशीनगन चालवली. ज्यांच्या उंटांवर बसून राजा झाला, त्यांच्यावर."

एका वर्षी मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, मंग तो बरोबर होता का चूक?"

"तो जिंकला. बरोबर-चूक परीक्षेत येत न्हाई."

वर्ग हसला. विचारणाऱ्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. माझ्या शेजारीच बसायचा, म्हणून पाहिलं. आज त्याला सगळा तालुका भाऊ म्हणतो.

पोरांची मारामारी झाली की सर छडी काढत नसत. दोघांच्या मध्ये उभे राहत आणि म्हणत, "तीन दिवस कोणी कोणाला हात लावायचा न्हाई. हे माझ्या चेहऱ्यावर." ही टोळ्यांची रीत. जामीन राहणारा स्वतःचा चेहरा मध्ये ठेवतो. शब्द मोडला तर चेहरा काळा होतो तो त्याचा, आणि नुकसान भरून द्यायचं तेही त्यानेच. "तिथं कागद न्हाई, कोर्ट न्हाई. चेहरा हाय," असं ते सांगायचे. आम्हाला गंमत वाटायची, पण तीन दिवस मारामारी होत नसे हेही खरं.

मला ते फुटपट्टी म्हणत. मी पुढे भूमापक झालो, तेव्हा शाळेत पेढे घेऊन गेलो होतो. पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "तिकडं अरबस्तानात इंग्रजानं तंबूत बसून लाल पेन्सिलीनं रेघ मारली. विहिरी एकीकडं, टोळी दुसरीकडं. फुटपट्टे, रेघ मारण्याआधी पाणी कुठं हाय ते बघत जा."

सर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या गावच्या गायरानात सौर प्रकल्प आला. जागा अडतीस हेक्टर. पलीकडे ओढा, अलीकडे मेंढपाळांची वस्ती, सत्तावीस घरं, नऊशेच्या आसपास मेंढरं. मोजणीला गेलो की वस्तीतली माणसं साखळीच्या पुढ्यात बसायची. दोनदा परत आलो. प्रकल्प भाऊने आणलेला. त्याने मला बोलावून घेतलं.

"सरांना मध्ये घे. त्यांचीच माणसं हायेत. सर बोलले की उठतील."

"पण मेंढरांची ओढ्यावर जायची वाट?"

"दाखव ना वाट. नकाशात हाय नव्हं?"

होती. वस्तीपासून ओढ्यापर्यंत, बारा मीटर रुंद, मीच आखलेली. तो नकाशा मी सरांच्या ओसरीवर पसरला. त्यांनी चष्मा लावून ती वाट बोटाने दोनदा चालून पाहिली.

"बराबर हाय का हे?"

"माझी मोजणी आहे, सर."

"मग झालं." ते तसेच वस्तीवर गेले. त्यांचा पुतण्या तुळशीराम तिथला पुढारी. त्याच्यासमोर म्हणाले, "पोरांनो, उठा. मोजू द्या. मेंढरांची वाट राहील. हे माझ्या चेहऱ्यावर."

माणसं उठली. मोजणी अडीच दिवसांत झाली.

चार महिन्यांनी दुसरा नकाशा आला. हद्दी त्याच, क्षेत्र तेच. वाट नव्हती. त्यावर माझी सही हवी होती. मुलगी बारावीला होती आणि माझ्या बदलीचा विषय भाऊच्या बोलण्यात त्या आठवड्यात तीनदा आला. मी सही केली. आकडे सगळे बरोबर होते, एक मीटरही इकडचा तिकडे नव्हता. आषाढात तारेचं कुंपण आलं आणि ओढा पलीकडे राहिला.

भादवा लागला तसे सर माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. उभ्यानेच विचारलं, "पहिल्या नकाशात वाट होती ना रे?"

मी म्हणालो, "आठवत नाही, सर."

शाळेत असताना त्यांच्या फळ्यावरच्या विहिरी मोजणारा पोरगा मीच, हे त्यांना माहीत होतं. ते "बरं," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या तीन एकरांत, उभ्या सोयाबीनमध्ये, वस्तीची मेंढरं घातली. शेतात विहीर होती, तिची मोटर दिवसभर चालू ठेवली. पुण्याहून मुलगा आला, बांधावर ओरडला, "बाबा, डोकं फिरलं का तुमचं? हे तुमचं कर्ज आहे का?" सर म्हणाले, "जामीन मी राह्यलो होतो." अडतीस हेक्टरांची भरपाई सव्वा हेक्टरातून होत नाही, हे सांगायला भूमापक लागत नाही. नऊशे मेंढरांना ते शेत चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी कळप विदर्भाकडे निघाला. दिवाळीनंतर जायचा, तो भादव्यात गेला, लहान कोकरांसकट. सर शिवेपर्यंत चालत गेले. त्यानंतर वस्तीतल्या एकाही लग्नाला ते गेले नाहीत. बोलावणी यायची. घरातूनच म्हणायचे, "कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

दीड वर्षाने, फाल्गुनात, ते गेले.

दहाव्याला भाऊ आला. वीस मिनिटं बोलला. "राजकारणातलं जे काही मला येतं, ते सरांनी शिकवलेलं आहे," असं त्याने डोळे पुसत सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं.

तुळशीराम यवतमाळकडून एसटीने आला होता. माणसं पांगल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं, "तुळशीराम, पहिल्या नकाशात वाट होती. बारा मीटर. दुसऱ्यावर सही माझी आहे."

"ठाव हाय," तो म्हणाला. "काकानं तवाच सांगितल्तं."

"मग मला कोणी काही बोललं का नाही?"

"काकानं शपथ घातल्ती. म्हन्ले, त्याची पोरगी बारावीला हाय, वस्तीत त्याचं नाव निघायचं न्हाई." त्याने पटका सारखा केला. "आता कितवीला हाय ती?"

"इंजिनिअरिंगला. पहिल्या वर्षाला."

"बरं झालं," तुळशीराम म्हणाला, आणि एसटी चुकेल म्हणून घाईने निघून गेला.