चिंधी बांधलेली काकडी

दुष्काळाच्या त्या वर्षी भाजी महाग, तीही सुकलेली. तरी भाव पाडून मी टोपलीतली सगळ्यात मोठी, पिवळी काकडी विजयी मुद्रेने उचलली. खारबावहून भिवंडीत भाजी आणणारी ती बाई एरवी माझ्या पिशवीतून निबर माल परत काढून घ्यायची. "ठेवा खाली, भाऊ. वयनी तुम्हालाच चिरंल!" आज तिने ती तशीच तागडीत टाकली.

"हिच्या देठाला चिंधी कशाला?" मी विचारलं.

"बियाला राखली व्हती. हीर आटली, आता लावू कुठं? उद्यापासून खडी फोडाया जायाचं हाय."

घरी हे ऐकून बायकोने विळी बाजूला सारली.

"बी वाळवून ठेवीन हो. पण द्यायचं कुणाला? इतकी वर्षं भाजी घेताय, तिचं नाव विचारलंत कधी?"