वाट मोकळी करणाऱ्या मावशी

वॉर्डातल्या मावशींना वाटेत काही पडलेलं बघवत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी फरशी पुसली, बेडपॅन दिलं आणि नातेवाइकांनी पॅसेजमध्ये ओढून आणलेल्या खुर्च्या पुन्हा भिंतीला लावल्या.

दोन वर्षांपूर्वी औषधांची गाडी आली. कमरेएवढी उंच, चार कप्प्यांची, फार्मसीतून आपली आपण चालत येणारी. सुरुवातीला ती प्रत्येक खुर्चीपुढे अडून टुकटुक करत बसायची. औषधांना उशीर झाला की मोठ्या सिस्टर मावशींवर डाफरायच्या. म्हणून गाडीचा आवाज आला की मावशी पुढे धावून खुर्च्या ओढायला लागल्या. ये गं बाई, म्हणायच्या. हळूहळू गाडी थांबेनाशी झाली, नुसती जरा हळू व्हायची. सगळ्यांना वाटलं, शहाणी झाली.

मागच्या मंगळवारी मावशी दुसऱ्या टोकाला चादरी बदलत होत्या. पॅसेजमधल्या खुर्चीत एक आजोबा बसले होते. गाडी हळू झाली, थांबली नाही. आजोबांचं मनगट मोडलं.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन सांगून गेला की गाडी बघून बघून शिकते. समोरची खुर्ची दर वेळी बाजूला होते, हे ती दोन वर्षं बघत आली होती. त्यात तिची चूक नाही आणि कंपनीचीही नाही, म्हणाला. मग हॉस्पिटलच्या ऑफिसातून छापील कागद मावशींपुढे आला. ‘मार्गातील खुर्ची हटवण्यात कर्मचाऱ्याकडून हयगय झाली.’ खाली सहीची जागा. सही केली की नोकरी गेली, हे न सांगता कळत होतं. उद्या आणा, म्हणाले.

घरी मुलगा तावातावाने बोलला, तुझा काय संबंध, अजिबात सही करू नकोस. बोलता बोलता ताट तिथेच ठेवून उठला. मावशींनी ते सवयीने उचललं.

सून उठून गेलेल्या नवऱ्याकडे बघून हसली. “आई, तुमच्या त्या गाडीला मी नावं नाही ठेवणार. माझ्याकडे पण एक आहे, तुम्हीच शिकवलेली.”

मावशींनाही हसू आलं. मग त्या ताट हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

सकाळी त्यांनी छापील ओळीवर रेघ मारली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: ‘खुर्च्या मी हटवत होते. गाडी त्यावरून शिकते हे मला कोणी सांगितलं नाही. कंपनीला माहीत होतं.’

मोठ्या सिस्टरांनी कागद दोनदा वाचला. “मावशी, यात चूक नक्की कोणाची, ते कळत नाही.”

“मलाही नाही कळत. पण माझ्या एकटीची नाही.”

सिस्टरांनी पेन घेतलं. ‘औषधं वेळेवर यावीत म्हणून त्यांना घाई मी करत होते,’ असं लिहून त्याखाली सही केली आणि कागद वर पाठवला.

गाडी सध्या बंद आहे. मावशी ट्रे घेऊन फार्मसीत जातात, औषधांना उशीर होतो, कोणी डाफरत नाही. सोमवारी चौकशी आहे. बोलावणं तिघांना आलंय: मावशींना, मोठ्या सिस्टरांना आणि त्या इंजिनिअरला.