आसारामने गाळलेले घास

आसाराम आणि मी सेलूच्या एकाच जिनिंगमध्ये कामाला होतो. कापसाच्या टोपल्या ढिगापासून मशीनपर्यंत हातोहात जायच्या. ढिगापाशी वाकून भरावं लागतं, मशीनपाशी उचलून ओतावं लागतं. आसाराम जन्मभर मधे उभा राहिला. मागून आलेली टोपली पुढं द्यायची, एवढंच. काम सुटल्यावर कंबर गेली म्हणून गावभर सांगत फिरला. कशानं गेली, कुणी विचारलं नाही.

त्याचं घर माझ्या घराला लागून. मुलगा आणि सून रुख्मिणी दरवर्षी ऊस तोडायला जातात. नात पंकजाही जायची, फडात पाचटावर झोपायची. यंदा ती अंगणवाडीत रमली. रुख्मिणीनं ठरवलं, पोरगी आजोबापाशी ठेवायची.

अडचण एकच होती. पंकजा गोष्टीशिवाय जेवत नाही. गोष्ट जुनीच, आमच्याकडं घरोघरी सांगतात ती. वासराला भूक लागते आणि ते दूध मागत निघतं. गाय म्हणते, आधी चारा आण. मग वासरू बांधाकडं जातं, आणि सांगणाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं:

वासराचं दूध गायीपाशी,
गायीचा चारा बांधापाशी,
बांधाचं पाणी विहिरीपाशी,
विहिरीचा पोहरा लोहारापाशी,
लोहाराचा कोळसा बाभळीपाशी.

दर खेपेला एक ओळ वाढते. प्रत्येक 'पाशी'ला एक घास. बाभूळ कोळसा देते, मग लोहार पोहरा देतो, असं उलटं येत येत वासराच्या तोंडी दूध लागतं, तोवर लेकराची भाकरी संपते. एक ओळ गाळली की घास गेला. रुख्मिणी दिवसभर खुरपून आली तरी एक गाळायची नाही.

ऊसतोडीला न्यायची गाडी यायच्या आठवडाभर आधी तिनं सासऱ्याला सांगितलं, "मामा, मी हाय तवर तुमी भरवून बघा. जेवली तर ठिवते, न्हाई तर संगं नेते."

"त्यात काय हाय? बारक्या लेकराची गोष्ट," आसाराम म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी तो बांधापर्यंत गेला. मग म्हणाला, "आन् मग इहीर, लोहार, बाभूळ, समद्यांनी दिलं. वासरू प्यालं. झालं." पंकजानं तोंड मिटलं ते उघडलंच नाही. उरलेली भाकरी आसारामनं स्वतः खाल्ली आणि सुनेला रिकामं ताट दाखवलं.

"जेवली काय?"

"समदी."

पोरगी भुकेनं रडायला लागली तेव्हा रुख्मिणीला कळायचं ते कळलं. तिनं दुसरी भाकरी थापली.

मी त्याला म्हणालो, "आसाराम, हितं मधे उभं राहून भागत न्हाई. दर खेपेला वासरापासून उचलावं लागतंय."

"तू माझा मुकादम हाईस काय?" तो म्हणाला.

पुढचे दिवसही असेच गेले. कधी लोहार गाळला, कधी बांध. पंकजा अर्धपोटी उठायची, मग आईपाशी जेवायची.

शेवटच्या संध्याकाळी रुख्मिणी दार उघडं ठेवून आत गाठोडं बांधत बसली. मी माझ्या ओट्यावर होतो. आसारामनं सुरुवात बरी केली. विहिरीपर्यंत सगळं जागेवर होतं आणि पोरगी घास घेत होती. मग तो अडला.

"इहिरीचा... ते असू दे."

"पोहरा," पंकजा म्हणाली.

"व्हय, पोहरा. पोहरा बाभळीपाशी."

"आबा, लोहार राह्यला."

"तुला येतंय तर तूच म्हन की."

आणि तिनं म्हटलं. वासरापासून बाभळीपर्यंत, दर खेपेला पहिल्यापासून, चार वर्षांच्या पोरीनं. म्हणणाऱ्या तोंडाला घास कसा घेता येणार? आसारामला वाटलं, आपली सुटका झाली. हातातला घास ताटात ठेवून तो तंबाखू मळत बसला.

रुख्मिणी बाहेर आली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, वासरापासून सुरू केलं आणि भाकरी संपवली. मग दोरीवरचे पोरीचे दोन्ही झगे काढून गाठोड्यात घातले.

"मामा, हिला बी नेते."

"ने बाई," आसाराम म्हणाला. "आईबिगर लेकराला करमत न्हाई." बोलताना त्याचा चेहरा कामाची पाळी संपल्यासारखा मोकळा झाला होता. जिनिंगचा भोंगा वाजला की असाच व्हायचा.

सकाळी गाडी आली. पंकजा आईच्या मांडीवर बसून गेली. दुपारी अंगणवाडीच्या बाई विचारायला आल्या.

"पोरगी आईला सोडीना," आसारामनं सांगितलं आणि बाज सावलीत ओढून आडवा झाला.