कारापूरचे दोन पोदेर

गोव्यात मोप्याच्या पठारावर विमान उतरलं आणि दुपारी मी कारापूरला मावसभावाच्या घरी पोचले. सुमतीवहिनीने चहासोबत पोयी (कोंड्याचा पोकळ पाव) ठेवली. पोयी गार होती.

"शंकर पोदेर (पाववाला) उशिरा येतो," ती म्हणाली.

पहाटे ओढ्यापलीकडे मात्र सहालाच भोंगा वाजला. तो दामू पोदेर. त्याचा पाव गरम, पण तो ओढा ओलांडत नसे. मी पुण्याच्या कॉलेजात स्पर्धा कायदा शिकवते. विक्रेत्यांनी गिऱ्हाईक वाटून घेणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हे फळ्यावर लिहून माझा हात दुखलाय. साकवावरून गेले आणि दामूला गाठलं.

"तो वाडो शंकराचो, बाय. थंय वचप बरें दिसना," तो म्हणाला. (ती वस्ती शंकरची, तिथे जाणं बरं दिसत नाही.)

"कुणी मना केलंय? उद्या या."

तो आला. ते कळताच दुसऱ्या दिवशी शंकरही सहाला हजर. फाटकात दोन सायकली, दोन भोंगे, जागा झालेला अख्खा वाडा. दोघेही एकेक पोयी वर देऊ लागले. आम्ही पोयी चवळीच्या तोणाकाशी (रस्साभाजीशी) खाल्ली, गुळाशी खाल्ली, नुसतीही खाल्ली. मी हवेत होते. वहिनीला म्हटलं, "बघ, कायदा चालतो."

तिसऱ्या सकाळी टेकडीवरची रुक्मिणी रिकामी पिशवी घेऊन खाली आली. तिची आई अंथरुणाला खिळलेली, चहात भिजवलेली पोयीच तेवढी खाते.

"दोन दिस जाले, वयर कोण येवंक ना," ती म्हणाली. (वर कोणी आलं नाही.)

शंकरने मान खाली घातली. एरवी तो आधी टेकडी चढायचा, म्हणूनच आमच्याकडे उशिरा यायचा; आमच्या फाटकात पहिला पोचायच्या नादात त्याने तो चढ सोडला होता. हे मी घडवलं होतं.

वहिनीने आमच्या पोयी रुक्मिणीच्या पिशवीत भरल्या आणि दोघांना पडवीत बसवलं. "हवं तिथे विका. पण आदीं वयर चडात, मागीर सकयल विकात." (आधी वर चढा, मग खाली विका.)

"आणि मी गेलोच नाही तर?" दामूने विचारलं.

"तर ह्या फाटकात तुझा पाव कोणी घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी दोघे सायकली ढकलत, धापा टाकत टेकडी चढताना दिसले. वरून रुक्मिणी हसत होती, खाली आम्ही दोघी. पोट दुखेपर्यंत हसलो.

पुण्यात वर्गात हे सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही अट कुठल्या कलमात बसते?" मी पुस्तक चाळलं. सापडलं नाही, आणि तसं मी तिला सांगूनही टाकलं.