जमिनीला हात न लावता बसवलेली फरशी

मंडळी, आज वारूळवाडीजवळच्या एका जुन्या बंगल्यावर गेले होते. तमाशा आणि नाटकाच्या कलाकारांना तिथे राहून तालीम करता यावी, म्हणून तो जतन करायचं काम चालू आहे. मी त्या कामाची इंजिनिअर.

तालमीच्या दालनात गेले आणि थांबलेच. सागवानी फळ्यांच्या जमिनीवर चकचकीत फरशी बसवलेली.

"नाना, नकाशात लिहिलं होतं, जमिनीला हात लावू नये."

बंगल्याचे मालक नाना हसले. "हात कुठं लावला म्याडम? वरनं चिकटवली. कलाकार येणार, लई जुनाट दिसत व्हतं."

मुलींना लावणी शिकवणाऱ्या शांताबाई सोबत होत्या. त्यांनी चाळ बांधले, दोनदा पाय आपटला आणि चाळ सोडायलाच बसल्या.

"फळी पाय झेलायची, नाना. ही फरशी पोरींचं गुडघं फोडंल. आमी नाय नाचायचो हितं."

मी कोपऱ्यातली एक फरशी काढून पाहिली. फळीचा पापुद्रा तिच्यासोबत आला.

चूक माझीही आहे. 'हात लावू नये' इतकंच लिहिलं. का, ते लिहिलंच नाही.

नानांना आता 'जतन पूर्ण' या कागदावर माझी सही हवी आहे. मी पेन काढलेलं नाही. तुम्ही काढलं असतं?