खेमा मिस्त्रीची जोडकडी

सेनगावच्या बाजारात कुणालाही विचारा, पंखा बिघडलाय, कुणाकडं न्यावा? तो आधी तुमच्याकडं असा बघेल, की हे पाहुणं कुठल्या गावचं! मग म्हणेल, "खेमा मिस्त्रीकडं न्या की. दुसरं कोन हाय?" आणि ते खोटं नाही. खेमा राठोडाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरले. खेमा सायकलीच्या कॅरिअरला पंखे बांधून तालुकाभर फिरला. तीस वर्षं! उंबऱ्यात उभं राहून नुसता कान द्यायचा आणि सांगायचा, "बेअरिंग गेलंय," नाहीतर "कंडेन्सर बसलाय." डॉक्टर निदान नाडी तरी धरतो, हा तेवढंही करत नव्हता.

माणूस तसा गोड, पण कामात कुणी तोंड घातलं की भडकलाच म्हणून समजा. "मंग तुमीच चढा वर, मी धरतो स्टूल," असं म्हणत पाना पुढं करायचा. एक नियम त्यानं लोकांच्या घरात कधी मोडला नाही. चार दिवस बंद असलेला पंखा आधी वर चढून, हात लावून बघायचा. त्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. लोक हसायचे. तो म्हणायचा, हसा.

आणि त्याची ती जोडकडी! तांड्यावरची निम्मी घरं पत्र्याची, तिथं पंख्याला हूक कुठून आणणार? खेमानं डोकं चालवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी पायप, मधोमध पंखा, आणि पंख्यापासून दोन-अडीच हातांवर त्याच पायपाला लेकराच्या झोळीसाठी कडी. आई खाली बसून झोळीची दोरी ओढणार, वारं मायलेकरांना दोघांनाही. बायका खूश. "मिस्त्री, आमच्या घरी बी तुमची जोडकडी लावा वो," अशी निरोपावर निरोप. खेमाची मान ताठ. एवढं सोपं आजवर कुणाला सुचलं कसं नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं.

औंदाच्या मे महिन्यात त्याला नात झाली. सून शिला हिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आणल्यावर खेमा पोरीला बघून उभाच राहिला. नखं! दाही बोटांना, एवढीशी-एवढीशी, पण बराबर बसवलेली. केसासारखी तार गुंडाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बारीक कामाची कदर असणारच.

"कोन करत असंल गं एवढं नाजूक काम?" त्यानं बायकोला विचारलं.

"आधी हात धुऊन या," रूपाबाई म्हणाली.

बाळंतिणीची खोली म्हणजे रूपाबाईचं राज्य. तिथं खेमा मिस्त्रीचंही काही चालायचं नाही. खिडकीला गोधडी लावलेली, दाराला फळी, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी. पोरीला टोपडं, स्वेटर, मोजे आणि वरून दोन दुपटी. पत्रा असा तापलेला, की पापड भाजून निघावा. शिलाचं अंग घामानं थबथबलेलं, बिचारी एकदा म्हणाली, "मामी, जरासा पंखा..." तर रूपाबाईनं असं बघितलं की तिचं वाक्य तोंडातच राहिलं. पाच दिवस तो पंखा फिरला नाही.

पोर सात दिवसांची झाली त्या दुपारी गावची आशाताई संगिता लेकरू बघायला आली. दारातच तिनं पदरानं तोंड पुसलं. "मामी, ही खोली हाय का भट्टी?" पोर मलूल पडली होती. सकाळपासून दूध धड ओढत नव्हती. रूपाबाई म्हणाली, शांत हाय, गुणाची हाय. संगितानं काखेत थर्मामीटर लावला, पाहिला, आणि तिचं हसू गेलं.

"शंभराच्या वर दोन हाय. काढा, काढा हे सगळं. एक पातळ सुती कपडा ठेवा. खिडकी उघडा, ती शेगडी भाईर न्या. शिला, तू अंगावर घे तिला. अर्ध्या घंट्यात ताप उतरला न्हाई, न्हाई त दूध वढलं न्हाई, त मी गाडी बोलावते, सरळ दवाखाना. आन् मामा, पंखा लावा. एक नंबरावर, हळू. लेकराच्या बराबर डोक्यावर नको, अन् झोत अंगावर नको. खोलीतली हवा फिरली पायजे, बस."

"पंखा?" रूपाबाई दारात आडवी झाली. "सात दिसाच्या लेकरावर पंखा? संगिते, माझं पयलं लेकरू नवव्या दिवशी गेलंय. वारं लागून गेलंय ते!"

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ती. खेमाला सगळं आठवत होतं. त्याही वेळी असाच उन्हाळा होता. पण या घरात ते नाव कुणी काढत नव्हतं.

संगिता चिडली नाही. तिनं रूपाबाईचा हात हातात घेतला आणि पोरीच्या मानेमागं टेकवला. "इथं बघायचं, मामी. हातपाय बघून काही कळत न्हाई, ते थंडच लागतात. मान बघा. आता छाती बघा."

रूपाबाईनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग तिनं स्वतःच टोपडं सोडलं.

खेमा बटणापाशी गेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा! आणि तिथंच थबकलं. पाच दिवस बंद असलेला पंखा. लोकांच्या घरी नियम पाळायचा आणि आपल्या घरी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"थांबा," तो म्हणाला. "शिला, पोरीला घेऊन पडवीत जा. जा म्हनतो ना!"

स्टुलावर चढून त्यानं हात वर घातला. पंखा ज्या बोल्टावर लटकतो त्याला नट असतो, आणि नट फिरू नये म्हणून शेवटी एक बारीक पिन असते. पिन नव्हती. तुटून कधी पडली, देव जाणे. नटाला त्यानं पान्याऐवजी नुसतं बोट लावलं, तर नट गरकन फिरला. बोल्टावरच्या पिळाचे दोन आटे. फक्त दोन आट्यांवर तेवढा मोठा पंखा लटकत होता, आणि त्याच्याखाली बाजेवर पाच दिवस त्याची नात झोपली होती.

खेमानं पायपाकडं पाहिलं, झोळीच्या कडीकडं पाहिलं. थोरल्या लेकीची तीन लेकरं याच कडीला हलवून मोठी झाली होती. एकेक हेलकावा पायपाला बसला, पायपाचा पंख्याला, पंख्याचा त्या पिनेला. आठ वर्षं. एवढं सोपं गणित, आणि तालुक्याच्या मिस्त्रीला कळलं नाही? मोठा हुशार! त्यानं स्वतःला तोंड भरून शिवी दिली.

पंखा उतरवून तो पडवीत आला. निंबाखालून वारं येत होतं. शिलाच्या अंगाशी पोर नुसत्या पातळ कापडात पडली होती आणि रूपाबाई तिच्या मानेमागून हात काढायला तयार नव्हती. संगिता घड्याळ बघत होती. त्या अर्ध्या तासात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. मग पोरीनं तोंड वळवलं, चाचपलं आणि दूध ओढू लागली. गटक्, गटक्. तीस वर्षं खेमानं यंत्रांना कान दिला होता, पण असला आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"नव्व्याण्णवच्या आत आला," संगिता म्हणाली. "आता पीत बी हाय. मी संध्याकाळी येते पुन्हा बघायला. मधी काही वाटलं, तर लगेच फोन करा."

खेमानं मूठ उघडून नट दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. रूपाबाईनं तो नट हातात घेतला. "म्या पंखा लावू दिला न्हाई म्हणून..." ती म्हणाली. तिनं पंखा अडवला म्हणून तो पडला नाही, आणि पंखा अडवला म्हणूनच पोर तापली. दोघं म्हातारी चुकली होती, आणि दोघांच्या मधे ते एवढंसं लेकरू सुखरूप निजलं होतं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. असं कसं होतं, हे खेमाला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही.

"संगिता," तो एकदम म्हणाला, "तुझ्या वहीत आता तान्ही लेकरं कितीक हायत?"

"चार घरं. काहून?"

"चारी घरी माझी जोडकडी हाय."

त्यानं पिशवी उचलली. पाने, नव्या पिना, तार. ऊन मी म्हणत होतं. पायात चपला सरकवतो तोच मागून आवाज आला, "थांबा, मी बी येते." रूपाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी. शिलापाशी शेजारीण बसवली होती.

पहिल्या घरी बोल्ट पक्का निघाला. दुसऱ्या घरी नट ढिला. तिसऱ्या घरी पिन अर्धी तुटलेली. प्रत्येक घरी खेमानं झोळी सोडवली, नवी पिन घातली, पंख्याच्या रॉडला वरून जाड तारेचा वेढा दिला, आणि प्रत्येक घरी तेच वाक्य म्हटलं, "माझं चुकलं. झोळीची कडी पायपाला नको. मी वेगळी करून देतो." ज्याच्या कामात कुणी तोंड घातलं की आग व्हायची, त्यानं हे दारोदार म्हणावं! पहिल्या घरी जीभ अडखळली. तिसऱ्या घरी सवय झाली.

चौथं घर तांड्याच्या टोकाला, हिरासिंगचं. दार उघडलं तर पंखा पाच नंबरावर भणभणत होता आणि त्याच पायपाला झोळी हलत होती. हिरासिंगचा पंधरा दिवसांचा लेक आत. पंख्याचं वारं लागू नये म्हणून त्याला दोन गोधड्यांत गच्च बांधलेलं. दोरी हिरासिंगच्या आईच्या हातात, जमनाबाईच्या. तांड्यात तिच्यापुढं कुणी बोलत नाही. हिरासिंगची बायको निता भिंतीला टेकून बसली होती.

खेमानं बटण बंद केलं.

"काहून बंद केला रं?" म्हातारी कडाडली.

"जमनामाय, दोरी सोड. कडी चुकीची हाय. मीच लावली, अन् मीच चुकलो."

"चुकला म्हन! दोन नातवंडं वाढली की तुझ्या कडीवर."

"वाढली," खेमा स्टुलावर चढत म्हणाला, "पण ती माझ्या हुशारीनं न्हाई. कशानं वाढली ते मला बी ठाव न्हाई." वर त्यानं बोट लावलं. इथंही नट बोटानं फिरला. त्यानं वरूनच निताला डोळ्यांनी खुणावलं, आणि तिनं लेकराला झोळीतून उचलून बाजूला नेलं.

रूपाबाई पुढं झाली. "निता, मानेमागं हात लाव. गरम हाय ना? सोड त्या गोधड्या. अन् ती खिडकी उघड."

"खिडकीला हात लावायचा न्हाई!" जमनाबाई उठून उभी राहिली. "रूपा, तू म्हनतीस हे? सगळ्या तांड्याला तूच सांगत आलीस, तान्ह्याला वारं लागू देऊ नका म्हणून. तुझ्या लेकराकडं बघून आमी समद्यांनी खिडक्या लावल्या. इसरलीस का तुझं लेकरू?"

स्टुलावर खेमाचा पाना थांबला. छत्तीस वर्षांत रूपाबाईपुढं त्या लेकराचा विषय कुणी असा उघड काढला नव्हता. आता ही रडेल, नाहीतर भांडेल, नाहीतर निघून जाईल, असं त्याला वाटलं. खाली बघायचं धाडस होईना.

"इसरले न्हाई, जमनामाय," रूपाबाई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण खेमानं तो कधी ऐकला नव्हता. "चैत होता. खोपीत जाळ केला होता. मी त्याला तीन लुगड्यांत बांधलं होतं. लाल लाल झालं होतं ते, अन् मी म्हनत होते, अजून एक घाला, वारं लागंल. शेवटी दूध बी वढत नव्हतं. आज माझ्या नातीचं तसंच झालं होतं, तसंच, अन् कपडे काढले त अर्ध्या घंट्यात प्यायला लागली. माझं कशानं गेलं ते देवाला ठाव. पण वाऱ्यानं न्हाई गेलं, जमनामाय. खोपीत वारं नव्हतंच. मी येऊच दिलं नव्हतं."

दुपारपासून आपण चूक कबूल करत फिरलो म्हणून खेमा मनातून जरा फुगलाही होता. आता त्याला आपलीच लाज वाटली. त्याची चूक पान्यानं आवळता येत होती. या बाईनं स्वतःच्या हातानं 'वारं लागून गेलं' हा आपल्या काळजातला एकुलता एक आधार काढून दुसरीच्या लेकरासाठी जमिनीवर ठेवला होता. एवढी मोठी बाई आपल्या घरात इतकी वर्षं भाकऱ्या थापत होती!

जमनाबाईनं रूपाबाईच्या पाठीवर हात ठेवला, तिला बाजेवर बसवलं, आणि स्वतः जाऊन खिडकीची कडी काढली.